धारवाडकरांचा समुद्र

भूमध्य समुद्राकाठच्या नीस, सान रेमो किंवा बेनिडॉर्म यांसारख्या, मुख्यतः सुट्टी घालवायला येणाऱ्यांच्या जिवावर वाढलेल्या ‘विहारगावी’ जायचे असेल, तर त्या प्रवासाची आखणी तीन गोष्टी गृहीत धरून केली जाते: उन्हाळ्यात पाऊस पडणार नाही, समुद्राचे पाणी दिवसभर जवळपास एकाच रेषेवर राहील, आणि रेल्वे थेट किनाऱ्यावरच्या गावात आणून सोडील. ‘मनोहर ग्रंथमाला’ या प्रकाशनसंस्थेमुळे साहित्यप्रेमींना परिचित असलेल्या धारवाडच्या सुभाष रोडवरून समुद्र सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तरीही या तिन्हींपैकी एकही गृहीतक त्या समुद्राला लागू पडत नाही. गोव्याच्या जाहिरातींतून निळे पाणी, पांढरी छत्री आणि आरामखुर्ची हे चित्र इतके रुजले आहे की ते ज्या हवामानातून जन्मले ते हवामान आपल्याकडे नाही, याचा विसर पडतो. आणि ठरवलेली सहल फसण्याचे कारण बहुतेक वेळा हा विसरच असतो.

भूमध्य सागरी हवामान ही संज्ञा शाळेच्या भूगोलात कोरडा उन्हाळा आणि पावसाळी हिवाळा अशा दोन शब्दांत आटोपली जाते. त्यामागचे कारण असे की उपोष्ण कटिबंधातील जास्त दाबाचा पट्टा सूर्याबरोबर उत्तरेकडे सरकतो आणि जून ते ऑगस्ट या काळात भूमध्य समुद्राच्या माथ्यावर येऊन बसतो. या पट्ट्यात हवा वरून खाली उतरत असल्याने ती तापते, ढग विरतात आणि आठवडेच्या आठवडे आकाश निरभ्र राहते. हिवाळ्यात हाच पट्टा दक्षिणेकडे सरकला की अटलांटिकवरून येणारे पश्चिमी वारे पाऊस घेऊन येतात. नीस येथे जुलैच्या संपूर्ण महिन्यात सरासरी वीस मिलिमीटरही पाऊस पडत नाही. कारवारला त्याच महिन्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो.

गंमत अशी की नीसचा हंगामही मुळात उन्हाळ्याचा नव्हता. धुके आणि थंडी टाळण्यासाठी श्रीमंत इंग्रज हिवाळ्यात तेथे मुक्कामाला येत, आणि १८२० नंतरच्या वर्षांत त्यांच्यापैकी ल्युइस वे या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने, बेकार मजुरांना काम मिळावे म्हणून, किनाऱ्यालगत जो रस्ता बांधला गेला तोच पुढे ‘प्रोमेनाड दे आंग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फेरफटक्याचा रस्ता, या नावाने प्रसिद्ध झाला. १८६० मध्ये नीस फ्रान्सकडे आले, १८६४ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली, आणि राणी व्हिक्टोरियाही १८९० च्या दशकात हिवाळा सरता सरता तेथे मुक्कामाला येत असे. उन्हात अंग भाजून घेण्याची आवड १९२० नंतरची, आणि कामगारांना पगारी रजेचा हक्क देणारा फ्रान्सचा कायदा १९३६ चा. या दोन्हींमुळे हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला. म्हणजे तेथे माणसांची आवड बदलली तसा हंगाम बदलता आला, कारण दोन्ही ऋतूंत समुद्र वापरण्याजोगा होता. अरबी समुद्र ही मुभा देत नाही.

धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेच्या कडेला वसलेले आहे. पर्जन्यछाया म्हणजे डोंगराची अशी बाजू की जेथे वारे पोहोचेपर्यंत त्यांतील बराचसा पाऊस पलीकडच्या उतारावर पडून गेलेला असतो. त्यामुळे धारवाडला वर्षाकाठी सुमारे आठशे मिलिमीटर पाऊस, तर घाट उतरून गेले की कारवारला तीन हजारांच्या घरात. धारवाडच्या जुलैमधील रिपरिप पाहून किनाऱ्यावरच्या जुलैचा अंदाज बांधता येत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

सुभाष रोडवरून समुद्राकडे निघणाऱ्याला रेल्वे कारवारला न नेता गोव्याला का नेते, हा प्रश्न पडणे साहजिक आहे, कारण कारवार हे ब्रिटिश मुलखातले आणि मुरगाव हे पोर्तुगीजांचे बंदर होते. याचे उत्तर कापसात आहे. धारवाडच्या काळ्या जमिनीत १८४० च्या दशकापासून अमेरिकेतून आणलेल्या जातीचा कापूस पिकवला जाऊ लागला होता, आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध भडकून तेथील कापूस अडल्यावर मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे लक्ष या कापसाकडे वळले. तो बाहेर काढण्यासाठी जवळचे नैसर्गिक बंदर म्हणजे काळी नदीच्या मुखाजवळचे सदाशिवगड-कारवार. परंतु धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात आणि कारवार मद्रास इलाख्यात, त्यामुळे रस्ता कोणी बांधायचा यावर कागद फिरत राहत. अखेर १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला, घाटांतून गाडीरस्ते झाले आणि कारवारसमोरच्या देवगड बेटावर दीपगृह उभे राहिले. युद्ध १८६५ मध्ये संपताच कापसाचे भाव कोसळले आणि कारवारचे बंदर रेल्वेची वाट पाहत राहिले.

ती रेल्वे आली, पण दुसरीकडे. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत झालेल्या तहातून मुरगाव बंदर विकसित करून ते रेल्वेने घाटावर जोडण्याचे ठरले. पोर्तुगीज हद्दीत ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ने आणि ब्रिटिश हद्दीत १८८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सदर्न मराठा रेल्वे’ने मार्ग बांधला, आणि १८८८ मध्ये तो कॅसल रॉक येथे जुळला. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडलाच होते. त्या कार्यालयाच्या दगडी इमारतीत १९१७ मध्ये स्थापन झालेले कर्नाटक कॉलेज आज भरते, हे रोज तिच्यासमोरून जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. मार्ग सुरू झाल्यावर माल मुरगावकडे वळला आणि कारवारचा व्यापार ओसरला. हे सगळे मालासाठी होते. नीसला रेल्वे पोहोचल्यावर ती पाहुण्यांनी भरून जाऊ लागली, मुरगावच्या रेल्वेने मात्र आधी कापसाचे गठ्ठे आणि पुढे खनिज वाहून नेले, आणि प्रवासी तिच्यात जणू उरलेल्या जागेत बसले. आजही हा मार्ग विहारगावात न संपता वास्को या बंदराच्या शहरात संपतो आणि किनाऱ्यावर जायला तेथून पुन्हा बस किंवा टॅक्सी करावी लागते, याचे मूळ येथे आहे.

कॅसल रॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा उतार या प्रवासाचा कळसाचा भाग म्हणावा लागेल. तेथे चढणीचे प्रमाण ३७ ला १ असे आहे, म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे जाते तेव्हा एक मीटर खाली उतरते. रेल्वेच्या दृष्टीने हा फार तीव्र उतार असल्याने गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात, त्यांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात, आणि ती जोडण्या-सोडण्यात वेळ जातो. म्हणून या टप्प्याचा वेळ किलोमीटर मोजून ठरवू नये. गोवा पोर्तुगीजांकडे असताना येथे जकातीची तपासणीही होत असे, कारण कॅसल रॉक हे भारतातले आणि कुळे हे पोर्तुगीज गोव्यातले सीमेवरचे स्थानक होते. सुमारे ३१० मीटर उंचीचा दूधसागर धबधबा याच टप्प्यात रुळांना लागून कोसळतो. तो पाहण्यासाठी अधेमधे गाडीतून उतरून रुळांवरून चालत जाण्याची जी हौस बोकाळली आहे ती बेकायदा तर आहेच, शिवाय बोगद्यांच्या आणि वळणांच्या या मार्गावर ती जिवावर बेतणारी आहे.

रस्त्याने जायचे तर गोव्यासाठी अळणावर, लोंढा, रामनगर आणि अनमोड घाट असा सुमारे १६० किलोमीटरचा मार्ग आहे, आणि कारवार-गोकर्णासाठी हुबळीहून कलघटगी, यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला असा. हल्याळ, दांडेली, जोयडा आणि अणशी घाटातून कारवारला उतरणारा तिसरा मार्ग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. तो देखणा आहे, पण वेळ वाचवणारा नाही. हुबळी-अंकोला रेल्वे १९९० च्या दशकाच्या अखेरीस मंजूर झाली खरी, परंतु ती पश्चिम घाटाच्या घनदाट जंगलातून जाणार असल्याने पर्यावरणाच्या आक्षेपांत अडकली आहे. तेव्हा कारवारकडे थेट जाणाऱ्या धारवाडकराला घाटरस्त्यावाचून सध्या तरी गत्यंतर नाही, आणि पावसाळ्यात हे घाट भरवशाचे नसतात. जुलै २०२१ मध्ये अरबैल घाटात रस्ता खचून वाहतूक बंद पडली. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून माणसे दगावली. आणि त्यानंतर महिना होण्याच्या आत, ७ ऑगस्टला, कारवार आणि सदाशिवगड यांना जोडणारा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. पावसाळ्यात निघायचेच असेल, तर परतीसाठी एक दिवस हाताशी मोकळा ठेवणे हे चैनीचे लक्षण समजू नये.

भरती-ओहोटी ही या किनाऱ्याची दुसरी मोठी बाब, आणि घाटावरचा माणूस नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतो. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या जेमतेम १४ किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीने महासागराला जोडलेला असल्याने महासागराची भरती त्यात पुरेशी शिरत नाही, आणि बहुतेक ठिकाणी पाण्याच्या पातळीतला फरक वीतभर ते हातभर एवढाच राहतो. म्हणून तेथे खुर्च्यांची ओळ सकाळी मांडली की संध्याकाळपर्यंत हलवावी लागत नाही. गोवा-कारवारच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, हा फरक दोन मीटरच्या आसपास जातो. दर तीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या सौम्य उताराच्या पुळणीवर पाणी दोन मीटर चढले, तर काठ साठ मीटर आत सरकतो, आणि सकाळी जेथे मुलांनी वाळूचा किल्ला बांधला तेथे दुपारी गुडघाभर पाणी असते. अष्टमीच्या आसपास हा फरक कमी होतो. त्याला कोकणात भांगाची भरती म्हणतात.

कोकणातल्या मच्छीमारांचा भरतीचा हिशोब कॅलेंडरवर छापलेल्या तिथीवरून कोणालाही करता येतो. शुद्ध किंवा वद्य, कोणत्याही पक्षातील तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोन भरत्या येत असल्याने ही वेळ दिवसा आणि रात्री अशी दोनदा धरायची, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी समजायची. यामागचे शास्त्र सरळ आहे. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, भरती त्याच्यामागोमाग तितकीच पुढे सरकते, आणि पंधरा दिवसांत तिचा बारा तासांचा एक फेरा पुरा होतो. स्थळाप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होत असल्याने हा हिशोब अंदाजाचाच. तरीही मुक्कामाचे दिवस ठरवताना तो हॉटेलच्या छायाचित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. दक्षिण गोव्यातील पाळोळे येथे उत्तरेच्या टोकाला असलेल्या बेटावर ओहोटीच्या वेळी पाण्यातून चालत जाता येते. वेळ न पाहता गेलेल्यांना परतताना कमरेएवढे पाणी आणि ओढ लागते.

लाटांचीही हीच तऱ्हा आहे. डिसेंबर-जानेवारीत या किनाऱ्यासमोर लाटा मीटरभराच्या आत असतात, तर जून ते ऑगस्ट या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी दूरवरून लोटलेल्या लाटा तीन मीटरच्याही वर जातात. लाटांनी काठाकडे लोटलेले पाणी समुद्रात परतताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने बाहेर धावते. या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे पोहण्याचा आटापिटा करून दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडणे हा त्यावरचा उपाय. जेथे लाटा फुटत नाहीत तो भाग शांत समजून लोक नेमके तेथेच उतरतात, आणि ओढ बहुधा तेथेच असते. गोव्यात किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. त्यांनी लाल निशाण लावले असेल तर पाण्यात उतरू नये, आणि लाल-पिवळ्या निशाणांच्या मधला भाग देखरेखीखाली असतो, एवढे दोन संकेत मुलांनाही शिकवून ठेवावेत.

मग जावे कधी? युरोपात शाळांची मोठी सुट्टी आणि कोरडा उन्हाळा हे दोन्ही जुलै-ऑगस्टमध्ये एकत्र येतात. आपल्याकडे शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये पडते, तेव्हा किनाऱ्यावर पारा धारवाडपेक्षा खाली असला तरी हवेतल्या दमटपणामुळे घाम अधिक येतो आणि भरदुपारची वाळू पाय ठेवू देत नाही. समुद्राच्या पाण्याचे तापमान येथे वर्षभर साधारण २७ ते ३० अंशांच्या दरम्यान असल्याने पाणी गार आहे की ऊबदार, हा भूमध्य समुद्राकाठचा मुख्य प्रश्न येथे उद्भवतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, त्यातही नाताळ आणि नववर्षाचा पंधरवडा वगळून, कारण त्या दिवसांत गोव्यातील खोल्यांचे दर अवाच्या सवा चढतात. मासे हे प्रवासाचे एक प्रयोजन असेल, तर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते हे ध्यानात ठेवावे. त्या दोन महिन्यांत ताटात येते ते बहुधा खाडीतले, सुके किंवा बर्फातले.

गावांच्या निवडीत गोव्याकडे ओढा असणे समजण्याजोगे आहे, पण कारवारची उपेक्षा अन्यायाची वाटते. १८८३ मध्ये बावीस वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर तेथे आपले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. सनदी सेवेत दाखल झालेले पहिले भारतीय म्हणून प्रसिद्ध असलेले सत्येंद्रनाथ तेव्हा कारवारला जिल्हा न्यायाधीश होते, आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक रवींद्रनाथांनी त्या मुक्कामात लिहिले. शहरालगतच्या पुळणीला आज त्यांचे नाव आहे, आणि तेथेच नौदलातून निवृत्त झालेली ‘चपल’ ही युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. कोकणी बोलणाऱ्या या गावात मराठीने सहज निभावते. शहराच्या दक्षिणेचा बराच किनारा मात्र २००५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘कदंब’ या नौदल तळाकडे गेल्याने पर्यटकांना मोकळी राहिलेली पुळण मर्यादित आहे. कारवार विहारगाव म्हणून वाढले नाही त्याचे हेही एक कारण. स्वच्छता आणि सोयी यांना प्राधान्य देणाऱ्यांनी होन्नावरजवळच्या कासरकोडचा विचार करावा. फ्रान्समध्ये १९८५ साली सुरू झालेल्या ‘ब्लू फ्लॅग’ या किनारा-मानांकनाच्या पहिल्या भारतीय यादीत २०२० मध्ये त्याचा समावेश झाला. गोकर्णात महाबळेश्वराचे दर्शन आणि समुद्रस्नान एकाच फेरीत उरकता येते, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचा कौल बहुधा तिकडे पडतो.

ज्यांना जुलै-ऑगस्टमध्येच समुद्र हवा आहे त्यांना मात्र खरोखरीच भूमध्य समुद्राकडे पाहावे लागेल, कारण आपला समुद्र बंद असतो नेमका तेव्हाच तो खुला असतो. त्यासाठी लागणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत एकाच परवान्यावर फिरण्याची मुभा, ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम असेल त्या देशाकडे मागायचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो जावा लागतो. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा मुक्काम, असे नियम आहेत. बोटांचे ठसे देण्यासाठी जातीने हजर राहावे लागत असल्याने धारवाडकराला बेंगळुरूची एक फेरी धरूनच चालावे लागते, आणि उन्हाळ्यापूर्वी तेथील भेटीच्या वेळा भराभर संपत असल्याने जुलैच्या प्रवासाचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेला बरा. नीसची पुळण वाळूची नसून गोट्यांची आहे, हे तिच्या छायाचित्रांत सहसा लक्षात येत नाही. पाण्यात उतरताना घालता येतील असे रबरी जोडे सुभाष रोडवरूनच घेऊन जावेत.